कापलेला कोपरा

ठाण्याच्या हायस्कुलात मी शिकत होतो तेव्हा आम्हां विद्यार्थ्यांची एक मंडळी होती. ज्यांना लिहिता येत नाही अशांची पत्रे दर रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर बसून फुकट लिहून द्यावयाची आणि त्यांना आलेली वाचून दाखवावयाची, एवढेच तिचे काम. दोन वर्षे मी त्या मंडळीचा अध्यक्ष होतो. आता पन्नाशी उलटून गेली आहे. पुढे आयुष्यात लहानमोठी पदे मिळाली. त्यांतील एकाचीही आठवण मला छळीत नाही. या पहिल्या पदाची छळते, असेही म्हणवत नाही. बधिर झालेले बोट हाताला असावे तशी ती नुसती असते.

मंडळीची कल्पना आमच्या इंग्रजीच्या मास्तरांची. आम्ही सारे कारकुनांची आणि वकिलांची मुले. मी मूळचा कल्याणचा. शिक्षणाकरिता वडिलांनी मला नौपाड्यात मामांकडे ठेवले होते. मास्तरांनी एके दिवशी वर्गात विचारले, "तुम्ही लिहायला शिकलात, त्याचा तुमच्या घराबाहेर कोणाला उपयोग झाला आहे काय?" त्यातून मंडळी निघाली. अध्यक्ष म्हणून मला निवडले ते माझ्या अक्षराकरिता. मास्तर त्याची वाखाणणी करीत तेव्हा मी मान खाली घालीत असे, पण एक शब्दही ऐकावयाचा सोडीत नसे.

अध्यक्ष होताच मी नियम केले. नियम करण्यात मला फार सुख होते. पत्राच्या माथ्यावर 'श्री' असलाच पाहिजे. खाडाखोड असलेले किंवा शाईचा डाग पडलेले कार्ड टपालात जाता कामा नये. प्रत्येक कार्ड टाकण्यापूर्वी मला दाखवावे. सांगणाऱ्याची भाषा कशीही असो, पत्रात ती शुद्ध करून उतरवावी. सांगणाऱ्यांना काय पाहिजे, हे विचारण्याचा नियम मात्र मी केला नाही. तसा काही नियम असू शकतो, हे माझ्या मनातही आले नाही.

माझ्या बाकावर बसणारा माझा मित्र मंडळीत होता. तो या नियमांना हसत असे. "अध्यक्षमहाराज," तो म्हणे, "परवा त्या हमालाने बायकोला 'भात वेळेवर खा' एवढेच सांगितले होते. तुम्ही 'प्रकृतीस जपावे' लिहिलेत. ती बिचारी उपाशी राहायची!"

मी म्हणत असे, "थट्टा पुरे. पुढचे कार्ड दाखव."

आमच्याकडे सर्वांत जास्त लोक येत ते चेंदणीच्या कोळीवाड्यातले. तेथील काही पुरुष पावसाळा संपला की गलबतांवर खलाशी म्हणून जात, कोणी कराचीपर्यंत, कोणी त्याही पलीकडे, आणि पाऊस लागण्यापूर्वी घरी परतत. मधल्या महिन्यांत त्यांच्या बायका पत्रे लिहवून घेत.

फाल्गुनातल्या एका रविवारी त्यांतली एक बाई आली. वय विशीच्या आसपास असेल. डोक्यावर मासळीची पाटी, कडेवर महिन्याभराचे मूल. पाटी तिने ओसरीच्या खाली, आमच्यापासून दूर ठेवली. वास आम्हांला लागू नये म्हणून त्या बायका आपण होऊनच तसे करीत. मग पायरीवर बसून माझ्याकडे पाहत म्हणाली, "काय रं बारक्या मास्तरा, लिवशील ना नीट?"

"सांगा," मी म्हणालो.

"लिव, सोकरा झाला. नाक बापाचं, रडनं आजीचं. आनि मी बरी हाय. ते आदी लिव. मी बरी हाय हे आदी."

तिचा नवरा कराचीस एका गलबतावर होता. तो निघाला तेव्हा तिला पाचवा महिना होता, आणि घरात दुसरे कोणी नव्हते. सासू वारलेली, दीर वेगळा राहणारा. जाताना नवऱ्याला तिचीच काळजी होती. म्हणून 'मी बरी आहे' हे तिला सर्वांत आधी हवे होते. पण पत्राला एक रीत असते. मी 'श्री' काढला, साष्टांग नमस्कार घातला, इकडील कुशल कळविले, मग पुत्ररत्नाची वार्ता दिली, आणि शेवटी 'माझी प्रकृती उत्तम आहे, पाऊस लागण्यापूर्वी घरी यावे' असे लिहिले. मग ते तिला वाचून दाखविले.

"यात मी बरी हाय, हाय ना?"

"आहे. शेवटी आहे."

"हाय ना, मंग झालं," ती म्हणाली, आणि पाटी उचलून बाजाराकडे गेली.

ती गेल्यावर पत्ता लिहिताना बोरूतून शाईचा एक थेंब गळला. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यावर हरभऱ्याएवढा डाग पडला. त्या दिवसाची कार्डे संपली होती. टपालाची वेळ होत आली होती. मित्र वाकून पाहू लागला.

"राहू दे रे. एवढ्या देखण्या अक्षराला दृष्ट लागू नये म्हणून तीट लागली आहे असे समज."

"नियम आहे," मी म्हणालो.

"नियम तुझाच ना?"

मी बोरू तासण्याचा चाकू घेतला आणि तो कोपरा तिरपा कापून टाकला. कार्ड स्वच्छ दिसू लागले. ते दुसऱ्या आठवड्यावर टाकता आले असते, नवे कार्ड आणून पुन्हा लिहिता आले असते. खरे कारण असे की, त्या दिवशी अक्षर फार चांगले वळले होते आणि ते पुन्हा तसे वळेल याची मला खात्री नव्हती.

आमच्या घरी अशुभाचे पत्र आले तर त्याच्या माथ्यावर 'श्री' नसे. वाचणारा वाचून झाल्यावर ते फाडी आणि स्नान करी. मृत्यूच्या पत्राची खूण म्हणून मला तेवढीच ठाऊक होती, आणि मी तर 'श्री' मोठ्या काळजीने काढला होता. कोळीवाड्यात खूण वेगळी होती. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना 'श्री' असला काय, नसला काय, सारखाच. त्यांच्यात पाठविणारा कार्डाचा कोपरा फाडी. असे कार्ड हाती आले की कोण गेले ते माणूस मनाशी ओळखे, कार्ड घरात किंवा गलबतावर ठेवीत नसत, पाण्यात सोडून देत. हे सारे मला ज्येष्ठात कळले.

चैत्र गेला, वैशाख गेला. इतरांची गलबते येऊ लागली. ती बाई दर रविवारी ओसरीवर येऊन विचारी, "माजं काय आलं का?" काही आलेले नसे. "येल," ती म्हणे. मीही म्हणे, "येईल."

ज्येष्ठाच्या आरंभी तिचा दीर आला. त्या दिवशी ओसरीवर मास्तर होते, मी होतो, मित्र होता. दीर पायरी चढला नाही. खालूनच मास्तरांना म्हणाला, "साहेब, तुमच्या पोरांनी माज्या भावजयीचं कारड लिवलं व्हतं. त्याचा कोपरा कोनी फाडला?"

मास्तरांना काही कळेना. तेव्हा त्याने सगळे सांगितले. कराचीहून परतलेल्या एका खलाशाने कोळीवाड्यात येऊन सांगितले होते की, याच्या भावाने कार्ड हाती येताच कोपरा पाहिला आणि ते कोणाला वाचावयास न देता पाण्यात टाकले. बायको बाळंतपणात गेली असे तो समजला. त्याने मिशी काढली, समुद्रावर तिचा दहावा केला, आणि घरी परत जाण्यात आता काय आहे म्हणून त्या गलबतावरून उतरून झांजिबारला जाणाऱ्या जहाजावर चढला.

"जिती बाई घरात बसली हाय," दीर म्हणाला, "आनि तिकडं तिचा दहावा झाला."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. "अध्यक्ष तू आहेस. कार्ड तू पाहिले होतेस. कोपरा कसा होता?"

मी म्हणालो, "टपालात फाटला असेल."

दीर म्हणाला, "फाटला नव्हता म्हनं. कापल्यावानी सरळ व्हता."

मास्तरांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि मी पुन्हा तेच म्हणालो. मित्र शेजारी उभा होता. तो आपल्या नखांकडे पाहत राहिला. मास्तर दीराला म्हणाले, "बाबा, ही मुले असे कशाला करतील?" मास्तरांचा माझ्यावर विश्वास होता. दीर निघून गेला. मला त्या क्षणी भीती वाटली असेल, असे मी पुढे अनेकांच्या अशा प्रसंगांवरून अनुमान केले; स्वतःचे मात्र आठवत नाही. आठवते ते एवढेच की, घरी जाऊन मी जेवलो आणि भूगोलाचा धडा पाठ केला.

पुढच्या रविवारी ती बाई स्वतः आली. मला वाटले ती विचारील. तिने विचारले नाही. कराचीतले गलबत चालविणाऱ्या तांडेलाला एक आणि झांजिबारच्या बंदरात नवऱ्याच्या नावाने, 'ठाण्याचा खलाशी' एवढ्याच पत्त्यावर एक, अशी दोन पत्रे तिला लिहवून घ्यावयाची होती.

"लिव, मी मेली नाय."

मी लिहू लागलो.

"काय लिवलंस ते वाच."

"मी जिवंत आहे," मी वाचले.

"तसं नको. मी सांगलं तसंच लिव. मी मेली नाय."

मी ते खोडले. खाडाखोड झालेले माझ्या हातचे ते पहिले कार्ड. ते तसेच टपालात गेले. पुढच्या दहा-बारा महिन्यांत अशी किती पत्रे मी लिहिली ते सांगता येणार नाही. प्रत्येकात तेच एक वाक्य पहिले असे. मूल बसू लागले, रांगू लागले, पायरी धरून उभे राहू लागले, हे त्याच्याखाली येई. मला सांगावयाचे होते. दर शनिवारी मी ठरवीत असे, आणि रविवारी लिहीत असे. मंडळीचा वार्षिक समारंभ झाला. एका मोठ्या अधिकाऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मित्राने मला त्या कोपऱ्याविषयी कधी एक शब्दही विचारला नाही, आणि हळूहळू तो ओसरीवर येईनासा झाला. त्याने बाकही बदलला.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, मॅट्रिकचा अभ्यास चालू असताना, ती एक पाकीट घेऊन आली. झांजिबारहून आलेले, कोणा कारकुनाकडून मोडीत लिहविलेले. तिने ते फोडलेही नव्हते. मूल तिने मांडीवर घेतले आणि म्हणाली, "वाच. हळू वाच."

मी वाचले. तू जिवंत आहेस हे तुझ्या पत्रावरून कळले. तुझा दहावा मी माझ्या हाताने केला, तो आता परत घेता येत नाही. वर्षभर मी तुला मेलेली धरून राहिलो. येथे एका बाईच्या घरात मी राहिलो आहे, तिला दिवस गेले आहेत, तिला टाकून येता येत नाही. होडी भावाला द्यावी, त्याने तुला आणि पोराला पोटाला द्यावे. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, दोष माझा नाही.

तिने पुन्हा वाचावयास सांगितले. मी पुन्हा वाचले. तिच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. मूल पाकिटाकडे हात करीत होते, तिने तो हात धरून ठेवला.

मी म्हणालो, "कोपरा मी कापला."

तिने वर पाहिले. "कशापायी?"

"शाई सांडली होती."

"शाई?"

"डाग पडला होता. वाईट दिसत होते म्हणून."

ती बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्यायची व्हती रं शाई." आवाज चढलेला नव्हता. वर्षभर हे का सांगितले नाहीस, असे तिने विचारले नाही.

मी म्हणालो, "उत्तर लिहू का? सारे माझ्या नावावर लिहितो. तो येईल."

"नको. त्यानं दहावा केला. मेल्या बाईचं काय लिवनार तू?" ती उठली. "म्हावरं नासंल," म्हणाली, आणि मूल कडेवर घेऊन, पाटी उचलून गेली. पत्र पायरीवरच राहिले. मी ते उचलले; काय करावे ते न कळून घडी घालून पाकिटात ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी दीराच्या घरी नेऊन दिले. त्याला मी सर्व सांगितले. मारील असे वाटले होते. तो म्हणाला, "तवा बोलला असतास तर मी झांजिबारला मानूस धाडला असता. तवा त्यानं दुसरं घर केलं नव्हतं." आणि आत गेला.

मास्तरांनाही मी सांगितले. ते म्हणाले, "आता हे बाहेर बोलू नकोस. मंडळी बुडेल. आणि मंडळीची लोकांना गरज आहे." मी ते मानले. मानण्यात मला सोय होती, हे तेव्हाही मला दिसत होते.

त्या बाईने कपाळीचे कुंकू पुसले नाही, आणि पुन्हा कोणाचे घरही धरले नाही. मासळी विकून तिने मुलाला वाढविले, असे मागाहून ऐकले. मी तिच्या दारी गेलो नाही. जावयास हवे होते की न जाणेच योग्य होते, याचा निर्णय इतक्या वर्षांत माझ्याने झालेला नाही.

दीराला सांगितल्यानंतरच्या रविवारी कोळीवाड्यातून कोणी आले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग मास्तर म्हणाले, "आपण स्टेशनाकडे बसू, तिकडे हमाल पुष्कळ असतात." आम्ही चटया आणि दौती घेऊन तिकडे गेलो. परीक्षा होईपर्यंत मी अध्यक्ष होतो. लोक येत, मी लिहीत असे. ते सांगतील तसेच लिहीत असे, आणि डाग पडला तर राहू देत असे.