एका खाकऱ्याला दोन अंघोळी

"ताई, तू आठेच थांब. कोनले हात लावू नको."

मला आहे तिथंच थांबायला सांगत आप्पा ऑफिसच्या काचेपलीकडून इंटरकॉमवर बोलत होते. मी काचेअलीकडे, पिल्लांच्या हॉलमध्ये, बादलीजवळ वाकून उभी होते. नुकतीच उलटी झाली होती. बाहेर आवारात पिल्लांचे खोके भरलेल्या गाड्या निघायच्या तयारीत होत्या. आप्पांनी एका हातानं ड्रायव्हरला थांबायची खूण केली आणि दुसऱ्या हातानं डॉक्टरांना फोन लावला. माणसांच्या नव्हे, जनावरांच्या. तो फोन माझ्यासाठी होता.

मी नवापूरजवळच्या एका हॅचरीत सुपरवायझर आहे. हॅचरी म्हणजे अंडी उबवायचा कारखाना. ब्रीडर फार्मवरून, म्हणजे उबवायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथून, अंडी येतात. ती आधी सेटर नावाच्या मोठ्या कपाटासारख्या मशीनमध्ये जातात. तिथं ऊब एकसारखी राहते आणि ट्रे दर तासाला आपोआप कलतात. मधे कॅन्डलिंग असतं, म्हणजे अंधाऱ्या खोलीत अंड्याखाली दिवा धरून आत जीव आहे की नाही ते पाहायचं. जिवंत अंडी शेवटचे तीन दिवस हॅचर नावाच्या दुसऱ्या मशीनमध्ये. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. ती मोजायची, लस द्यायची, खोक्यात भरायची आणि गाडीत चढवायची. गाडी गेली की आमचा जीव भांड्यात पडतो.

या धंद्यात सगळ्यात मोठी भीती रोगाची. म्हणून नियम कडक. आत जाताना अंघोळ करायची, हॅचरीचे कपडे घालायचे. त्या कपड्यांना खिसे नसतात, मुद्दामच. आत खाण्याचा कणसुद्धा न्यायचा नाही. बाहेर जाताना पुन्हा अंघोळ. ही दुसरी अंघोळ आमच्या आप्पांची खास भर. रोहिदास आप्पा म्हणजे आमचे मालक, मॅनेजर आणि वॉचमनवरचा वॉचमन. त्यांचं अख्खं आयुष्य कोंबड्यांत गेलं आहे. नियम मोडणाऱ्याला ते जितकं बोलतात, त्याहून जास्त मी बोलायचे. माझा दराराच तसा होता.

मग मला दिवस गेले.

पहिले काही आठवडे मजेत गेले आणि एका सकाळी दात घासताना पोट ढवळलं ते थांबेचना. नाव मॉर्निंग सिकनेस, पण हा पाहुणा सकाळी यायचा आणि मुक्कामाला राहायचा. डिझेलचा वास नको, फोडणीचा नको, नवऱ्याच्या साबणाचा नको. आणि माझी नोकरी कुठं, तर हॅचरीत! ओलसर उबेचा, पिसांच्या भुग्याचा, फुटलेल्या कवचांचा वास. इतकी वर्षं तो मला कधी जाणवलाच नव्हता. आता दार उघडलं की तो अंगावर धावून यायचा.

नंदुरबारला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. पोट रिकामं ठेवू नका. अंथरुणातून उठायच्या आधी काहीतरी कोरडं खा. दर दीड-दोन तासांनी दोन घास खा, पोटभर नको. पाणी जेवणासोबत नको, मधेमधे घोट घोट घ्या. झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली. लघवी कमी झाली, गडद झाली किंवा पाण्याचा घोटही टिकेना, तर घरी बसू नका, सलाईन लावावं लागतं, असंही बजावलं. शेवटी विचारलं, "कामावर कसली केमिकल हाताळता?"

"फॉर्मलीनची धुरी देतो. मशीन निर्जंतुक करायला."

"त्याच्या जवळपासही जायचं नाही. कामावर सांगून टाका."

मी मान डोलावली. सांगितलं मात्र नाही.

कारण सरळ होतं. मागच्या खेपेला मी दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगितलं होतं. हॅचरीत पेढे वाटले होते. मग पंधरवड्यात ते गेलं. पेढे खाल्लेल्या प्रत्येकाला ते नंतर मला सांगावं लागलं. कोणी वाईट बोललं नाही, पण प्रत्येक "काय झालं गं?" ला मी नव्यानं रडले. या वेळी सासूबाईंनी शहाद्याहून फोनवर सांगितलं, "तीन महिना व्हवू दे. कोनले काही सांगू नको." मला ते शंभर टक्के पटलं. हे मूल मला हवं होतं आणि ही नोकरीही. दोन्ही गुपचूप सांभाळायचं ठरवलं.

धुरीच्या दिवशी मी काहीतरी कारण शोधायचे. पण कारण सांगायची वेळच आली नाही. आमच्या रमिलाबेन मास्क चढवून आधीच तयार असायच्या. "मॅडम, तुम्ही कॅन्डलिंग बघा. धुरी मी बघते." रमिलाबेन नवापूरच्या डोंगरपट्टीतल्या, इथं सगळ्यात जुन्या. मला वाटलं, बाईंचा कामाचा उरक चांगला आहे.

खरा घोळ खाण्याचा झाला. दर दोन तासांनी दोन घास खायचे तर बाहेर यायला हवं. बाहेर यायचं तर अंघोळ, परत आत जायचं तर अंघोळ. एका खाकऱ्याला दोन अंघोळी! आमच्याकडे गुजरातची हद्द हाकेवर, त्यामुळे खाकरा घरोघर. कोरडा, बिनवासाचा, पोटात गुमान बसणारा. लॉकरमध्ये डबा भरून ठेवला होता. शॉवर रूमबाहेर उभ्यानं खाकरा मोडायचा, घोटभर लिंबूपाणी घ्यायचं आणि पुन्हा नळाखाली. डोक्याचा टॉवेल दिवसभर वाळत नव्हता. एकदा लॉकरमध्ये डब्याशेजारी आमचुराची पुडी सापडली. वरच्या डोंगरात कैऱ्या सोलून वाळवतात, तसली. कोणी ठेवली कळलं नाही. एक फोड जिभेवर ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी तोंडाला चव आली. देवानंच पाठवली म्हणून मी गप्प खाल्ली.

हे सगळं आप्पा काचेतून बघत होते. अधूनमधून विचारायचे, "तुले बरं नही का?" मी म्हणायचे, "पित्त आहे, आप्पा."

"रोज रोज पित्त?"

"हो. रोजच."

त्याच दिवसांत बर्ड फ्लूची कुजबुज सुरू झाली. कुठंतरी कावळे मेल्याचा मेसेज मोबाइलवर फिरत होता. खरा की खोटा, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण नवापुरात असल्या मेसेजला कोणी हसत नाही. या गावानं एकदा ते भोगलेलं आहे. आपल्या हातानं वाढवलेले पक्षी आपल्याच हातानं खड्ड्यात पुरलेली माणसं इथं घरोघर आहेत. आप्पा त्यातलेच. तेव्हापासून त्यांना कुठंही काही कमीजास्त दिसलं की पहिला विचार तोच येतो.

आणि त्या सकाळी पिल्लं काढताना माझ्यासमोरच एक सडकं अंडं फुटलं. उबवायच्या अंड्यात जंतू शिरले तर आत वायू साठतो आणि धक्का लागला की फट्कन फुटतं. आम्ही त्याला बॉम्बच म्हणतो. तो वास एरवी धडधाकट माणसाला आडवा करतो. मी बादली गाठली एवढंच माझं नशीब.

मान वर केली तर काचेपलीकडे आप्पा. चेहरा पांढराफटक. इंटरकॉमचा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमतो. त्यामुळे त्यांचं निदान सगळ्यांनीच ऐकलं.

"चारा सोडेल शे. मान टाकेल शे. डोया लाल. रोज मी पाही ऱ्हायनू. गाड्या थांबाडा रे! कोनी आतलं भाईर जावानं नही, भाईरलं आत येवानं नही. डॉक्टर येतस."

कोंबडी आजारी पडली की आधी चारा सोडते आणि मग मान टाकते. आप्पांनी मला जसंच्या तसं ओळखलं होतं. फक्त जात चुकली होती.

मला हसू यायला हवं होतं, पण घाम फुटला. गाड्यांमध्ये त्या दिवसाची बहुतेक सगळी पिल्लं होती. एका दिवसाचं पिल्लू पोटातल्या बलकावर दोनेक दिवस दाणापाण्याशिवाय काढतं, पण गाडी चालती हवी. उभ्या गाडीत खोक्यांमधून वारा फिरत नाही. पिल्लं गुदमरतात. तिकडं गुजरातमधले शेतकरी शेडमध्ये ऊब लावून वाट बघत होते. आणि नवापूरच्या हॅचरीत गाड्या अडवल्या, बाई आजारी पडली, एवढी बातमी एकदा हायवेवर गेली की संपलं. मग रिपोर्ट काही का येईना, आमच्या गावचं पिल्लू कोणी दारात उभं करणार नाही.

एकीकडे तीन महिन्यांचा पण. अजून बरेच दिवस बाकी होते. दुसरीकडे खोक्यांतली चिवचिव, आणि ती चढत चालली होती. मनात आलं, आता बोललं आणि मागच्यासारखं झालं तर? पुन्हा प्रत्येकाला सांगत फिरायचं? मला खरंच खूप भीती वाटली. पण डॉक्टर येऊन माझ्या नाकात काडी घालणार आणि त्या काडीचा रिपोर्ट येईपर्यंत पिल्लं आणि गाव दोन्ही टांगणीला लागणार, हे त्याहून वाईट होतं.

मी काचेजवळ जाऊन बटण दाबलं. हॅचरीत मी कामाचं सगळं ऑफिसच्या मराठीत बोलते. त्या वेळी तोंडातून घरचीच भाषा आली.

"आप्पा, फ्लू-बिलू काही नही. माले दिवस गयात."

अख्खा हॉल ऐकत होता. आप्पांनी हातातला फोन बंद केला, खिडकी उघडली आणि आवारात ओरडले, "सोडा रे गाड्या! काय पाही ऱ्हायनात?"

गाड्या हलल्या. मी तिथंच रिकाम्या खोक्यांच्या ढिगावर बसले आणि रडायला लागले.

रमिलाबेननी पाणी आणलं. त्यांना नवल वाटल्याचं दिसेना. कोणालाच दिसेना. लस देणाऱ्या दोघी तर गालात हसत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या हप्त्यापासून. धुरी मी कशाला घेत होते, मॅडम? मला काय वास आवडतो?"

"आणि आमचूर?"

"तो माझ्या भावजयीकडचा."

"मग बोलला का नाहीत?"

"ज्याची बातमी त्यानं सांगायची. दुसऱ्यानं तोंड घालू नये. आमच्यात चालत नाही."

इंटरकॉम चालूच होता. त्यातून आप्पांचा आवाज आला. "बठ्ठासले मालूम व्हतं? माले एकलालेच नही?"

रमिलाबेन काचेकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही विचारलंच नाही, आप्पा. तुम्ही चारा बघत होता."

जनावरांचे डॉक्टर तरीही आलेच. अर्ध्या वाटेवर होते. त्यांनी हॉलमध्ये उरलेली पिल्लं तपासली, ती ठणठणीत असल्याचं सांगितलं, चहा घेतला आणि जाताना माझं अभिनंदन केलं. त्यांच्या कारकिर्दीत असा कॉल पहिलाच, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, आता स्टोअरला बदली.

"मांगला टाइमले पेढा मी बी खायेल व्हता," ते म्हणाले. "तुन्ही भीती समजी ऱ्हायनू मी. पन फॉर्मलीन शे ना आठे. काही व्हयी जातं तं? माले सांगानं, ताई. मी पेढा मांगाव नही."

त्या माणसाचा मला आजवर धाक वाटायचा. त्या दिवशी माया वाटली.

आठवड्याभरात शॉवर रूम आणि हॉल यांच्या मधल्या बोळात, आतल्या बाजूला, एक कपाट लागलं. सीलबंद पाकिटं बाहेरून औषधानं पुसून खिडकीतून आत यायची. हात धुऊन तिथंच बसून खायचं, हॉलमध्ये न्यायचं नाही. अंघोळ नको. आप्पांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली रमिलाबेनकडे दिली. नियम शिथिल करतानाही एक नियम घातलाच.

मी कॅन्डलिंगच्या खोलीत बसायला लागले. अंधार, थंडावा, वास नाही. पुढं नंदुरबारला सोनोग्राफी झाली. पडद्यावरच्या काळोखात एक ठिपका लुकलुकत होता. असे लुकलुकणारे जीव मी रोज बघते, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी सांगायच्या आधीच मला कळलं. नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की तो ओरडला. चौथ्या महिन्यात मळमळ आली तशी निघून गेली.

मुलगी आता अंगणवाडीत जाते. तब्येतीनं दणकट आहे, खाकऱ्यावर जीव आहे. अंड्याचा वास मात्र तिला अजिबात चालत नाही.

हॅचरीत नवीन मुलगी लागली की पहिल्या दिवशी मीच तिला नियम सांगते. अंघोळ, कपडे, खिसे नाहीत. शेवटी कपाट दाखवते आणि सांगते, "दोन गोष्टी माझ्यापासून लपवायच्या नाहीत. मशीन तापलं तर आणि तुला मळमळलं तर. पेढे कधी वाटायचे ते तुझं तू ठरव. पण मला सांग. नाहीतर आप्पा कोंबड्यांच्या डॉक्टरांना बोलावतात."