रविवारचं बीपी

"हात हलका आहे हं डॉक्टरांचा. कोट्यातले सगळेच काही तसले नसतात."

बीपीचा पट्टा त्यांच्या दंडाला होता, आणि हे त्या मला नाही, सोफ्यावरच्या मैत्रिणींना सांगत होत्या. आमच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. मैत्रिणी हसल्या. मी पारा बघत राहिले.

छावणीत ही रीतच आहे. बंगल्यावरून सहायकाचा फोन येतो, "मॅडमने याद किया है." लेडी डॉक्टरने यंत्र घेऊन जायचं, पार्टीला आलेल्या सगळ्याजणींचं बीपी बघायचं. तो हुकूम नसतो, पण नाही म्हणायची सोयही नसते.

त्या रविवारी माझी नऊ वर्षांची लेक सोबत होती. आम्ही नाशिकरोडला माझ्या भावाकडे जेवायला निघालो होतो. ती दाराजवळच्या स्टुलावर बसून सगळं ऐकत होती.

मी म्हणाले, "मॅडम, मी कोट्यातून आले नाही. सैन्यात आरक्षण नसतं."

वाक्य पाठ होतं. वीस वर्षं, प्रत्येक मेसमध्ये म्हणत आले होते. अर्धंच खरं. सैन्यातला हुद्दा आरक्षणाचा नव्हता. एमबीबीएसची जागा मात्र होती. त्यासाठी लागणारा जातीचा दाखला दादाने येवल्याच्या तहसील कचेरीत चार दिवस रांगेत उभं राहून आणला होता. दादाची पाटबंधाऱ्यातली कारकुनीही राखीव जागेवरची. तिच्यावरच मी शिकले.

आणि माझी लेक त्यानेच वाढवली. ती वर्षाची असताना माझी बदली सीमेवर झाली. नवऱ्याला पुण्यातली नोकरी सोडायची नव्हती. पुढे त्याने मलाच सोडलं. लेकीचा पहिला दात पडला तो मी फोनवर पाहिला. गेल्या वर्षी नाशिकला बदली मिळाली, तेव्हा तिला क्वार्टरवर आणलं. अजूनही दचकून उठली की ती मामीला हाक मारते.

दादाकडे पोचलो. वहिनी भाकरी वाढत होती.

"मामा, तू कोट्यातला ना?" लेक म्हणाली. "आई नाहीये. तिने तिथे सांगितलं."

वहिनीचा हात थांबला. दादाने माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात तो मला उघडं पाडू शकत होता.

"तुझी आई लय हुशार हाय," तो म्हणाला. "जेव आता. गार होतंय."

नंतर मी निघेपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. लेक म्हणाली, "मी आज इथेच राहू?" मी एकटीच परतले. डबा वहिनीने दिला होता. तो उघडला नाही. बाईंनी मला एकदा कमी लेखलं होतं. मी दादाला वीस वर्षं कमी लेखत आले होते, तेही त्याच्या माघारी.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन आला. लेक समोर गृहपाठ करत होती.

"मॅडमना फोन द्या," मी सहायकाला म्हणाले. बाई आल्या. "मॅडम, बीपी ओपीडीत बघते. सकाळी साडेआठला या. रांग असते."

"अहो, पाच मिनिटांचं तर काम."

"आणि मागच्या वेळी मी अर्धंच सांगितलं. माझी मेडिकलची जागा कोट्यातलीच होती."

"बरं. साहेबांच्या कानावर घालते."

"घाला."

लेकीने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे त्या दिवशी मामासमोर तू गप्प बसलीस?"

"हो."

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

स्कूटर काढली. दादाला दारातच सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "ठीक हाय," इतकंच म्हणाला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी बसले नाही, आणि कोणी बस म्हणालंही नाही.

माझा वार्षिक अहवाल साहेब लिहितात. बदली येईल. परत सीमा, परत फोनवरची आई. येऊ दे. त्या दाखल्याची एक प्रत मी लेकीच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात घातली आहे. तो कोणी, कुठे, किती दिवस उभं राहून आणला, ते तिला तोंडपाठ आहे. माझं जुनं वाक्य तिला मी शिकवणार नाही. मीही ते पुन्हा म्हणणार नाही.