मस्टरावरची भागूबाई

श्रीरामपूरच्या एका जिनात राहीबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, ती एकाहत्तरच्या लढाईच्या साली, ऐन थंडीत. जिन म्हंजे कापसातनं सरकी काढायचा कारखाना. रेच्याम्होरं, म्हंजे सरकी काढायच्या यंत्राम्होरं, बाया बसायच्या आन कापूस रुळात सारायच्या. त्या दिशी कापूस वलसर हुता. तो गुतला, राहीबाईनं बोटानं उकरायला बघितलं, आन रुळानं बोटंच आत वढली.

रेच्याचा पट्टा थांबला तसा मुकादम वरडला, भागूबाईला लागलं म्हनून. तेवढ्या कळंतबी राहीबाईनं डाव्या हातानं पदर तोंडावर वढला. कारन भागूबाई ती नव्हतीच. भागूबाई तिची धाकटी जाव, धा दिवसाची बाळंतीन, घरी बाजंवर शेक घेत पडलेली.

आता ही चालच हुती जिनातली. बाई बाळंत झाली की घरातली दुसरी कोनतरी तिच्या नावावर कामाला जायची, म्हंजे जागा ऱ्हायची. मस्टरावर, म्हंजे हजेरीच्या वहीत, भागूबाई, रेच्याम्होरं राहीबाई. मुकादमाला ठावं, मुनीमाला ठावं. कुनाचं काय बिघडत हुतं? बिघडलं ते बोटं गेल्यावर.

तिसऱ्या दिशी राधाकृष्ण मुनीम सरकारी दवाखान्यात आला. केळी घिऊन आला. केळी बघूनच राहीबाई घाबरली, कारन तो मानूस कुनाला बोरबी देनारा नव्हं. त्यानं हळूच सांगितलं की मालकानं कामगारांचा विमा उतरवलाय, पन मस्टरावर हायेत त्यांचाच. उद्या कंपनीचा साहेब येतोय जबानी घ्यायला.

"तू भागूबाई. ध्यानात ठिव. खरं बोललीस तर खोट्या नावानं काम केलं म्हनून दोघी जावा तुरुंगात. आन आसाराम आमच्याकडंच हमाली करतो, त्ये इसरू नको."

आसाराम तिचा नवरा. तो कोपऱ्यात उभा हुता. त्यानं मान वर केली न्हाई.

दिसभर ती मनातल्या मनात घोकत बसली, मी भागूबाई, मी भागूबाई. भेटाया आलेल्या बाईनं राहीबाई म्हनून हाक मारली तरी दचकायची. आन घरी भागूबाईला सासूनं दार लावून आत बसवलेली. कुनी तिची धाबी बोटं बघितली तर?

साहेब आला. चष्मेवाला, वयस्कर, दम लागलेला. संगं मुनीम. आसाराम खाटंपाशी उभा. साहेबानं नाव इचारलं. राहीबाई बोलली, भागूबाई. त्यानं लिवून घेतलं.

"नवऱ्याचं नाव?"

आता आली का पंचाईत. मुनीमानं सगळं पढवलं, हे तेवढं इसरला. भागूबाईचा नवरा बन्सी, म्हंजे राहीबाईचा दीर. लेकरावानी वाढवलेला. तिनं खाली बघितलं.

मुनीम हसला. म्हनला, साहेब, आमच्या बाया धन्याचं नाव घेत न्हाईत, मी सांगतो, बन्सी. साहेबानं आसारामाकडं बोट केलं, मंग ह्यो कोन? मुनीम म्हनला, दीर.

आसारामाच्या हातात चहाची किटली हुती. ती कलंडली. चहा त्याच्या पायावर सांडला. राहीबाईला काय झालं देव जानं. तुरुंग दिसत हुता, नवऱ्याची हमाली गेलेली दिसत हुती. तरी तोंडातनं निघालंच,

"बन्सी माझा दीर हाय, साहेब. धनी ह्यो उभा हाय. नाव जावंचं हाय, बोटं माझी गेल्यात."

साहेबानं टाक खाली ठिवला. मुनीमाचं तोंड पांढरं. राहीबाईनं डोळं मिटलं, आता शिपाई बोलावतो म्हनून.

साहेबानं इचारलं, पगाराला आंगठा कोन देत हुतं. ती म्हनली, मीच. मस्टर कोन लिवतं? तिनं मुनीमाकडं बघितलं.

साहेब मुनीमाला म्हनला, "कंपनी पैसे देईल का न्हाई, ते तुमचं आन कंपनीचं. पन कामावर हात गेला तर भरपाई मालकानंच द्यायची, विमा असो नसो. आन खोटं नाव लिवलं कुनी, ते बी मी लिवतोय."

त्यानं पयला कागद फाडला न्हाई, आडवी रेघ मारली. खाली नवं लिवलं. राहीबाईनं त्याला दोनदा वाचाया लावलं, आन मंगच डाव्या हाताचा आंगठा दिला.

ते गेल्यावर आसाराम खाली बसला. म्हनला, उद्या मला गेटावर उभं करत्याल का गं? ती म्हनली, ठावं न्हाई.

गेटावर त्याला दोन दिस उभं केलं, तिसऱ्या दिशी आत घेतलं. नगरला भरपाईचा खटला चालला. पार आखाड उजाडला. जाताना एस्टीत राहीबाईनं नवऱ्याचं धोतर धरलेलं ते सोडलं न्हाई. निकाल तिच्या बाजूनं लागला, तरी परतीच्या एस्टीतनं उतरूस्तोवर तिला वाटत हुतं, मागनं कोनतरी हाक मारील, भागूबाई म्हनून.