फ्लास्कमधली जीभ

आमच्या लॅबमध्ये दोनच गोष्टी जोमाने वाढतात. कॅन्सरच्या पेशी आणि किस्से! पेशींना निदान खायला तरी घालावं लागतं.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी जिभेच्या कॅन्सरच्या पेशी सांभाळते. कधीकाळी कुणा पेशंटच्या जिभेतली गाठ काढली, तिच्यातल्या पेशी अजून फ्लास्कात वाढतायत. याला म्हणतात सेल लाइन. नवी औषधं आधी यांच्यावर वापरून बघायची.

*

पहिलं पार्सल आलं, तेव्हा खोक्यावर 'मानवी जीभ' असं छापलेलं आणि आतून ड्राय आइसचा धूर! कुरियरवाला गेटाबाहेरूनच ओरडला, "मॅडम, पोलिसांना कळवलंय ना?"

*

उद्घाटनाला एक पुढारी आले. पेशींचं खाद्य गुलाबी असतं. साहेबांनी फ्लास्क उंच धरला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वा! कोकम सरबतावरपण रिसर्च!"

सगळ्यात जोरात टाळ्या आमच्या सरांच्या.

*

सर म्हणजे लॅबप्रमुख. पेशींना अंगाएवढी ऊब लागते, सरांना एसी. इन्व्हर्टर एकालाच पुरतो. मे महिन्यात एकदा सकाळी लाइट गेली ती संध्याकाळीच आली. सर ताजेतवाने, पेशी मेलेल्या.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, "या पेशींमध्ये चिकाटीच नाही!"

*

पालीहून मला बघायला आले. "मुलगी काय करते?"

"कॅन्सरच्या पेशी वाढवते," बाबांनी अभिमानाने सांगितलं.

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "अगो बाय! वाढवते? मग मारायला दुसरी ठेवलीय की काय?"

*

ओपन डेला मिरकरवाड्याचे तात्या आले, सोबत काकी. तात्या पूर्वी मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान होते. कॅन्सरच्या ऑपरेशनात जीभ गेली. आता ते हातवारे करतात आणि काकी बोलून दाखवतात.

सरांनी 'जीभ' या विषयावर लांबलचक भाषण ठोकलं.  मग तात्यांनी मायक्रोस्कोपला डोळे लावले, ते बराच वेळ हललेच नाहीत. शेवटी काकींकडे वळून हात हलवले.

"हे विचारतायत, या माणसाचं नाव काय?"

"नाव नसतं हो काकी, कोड असतो!" सर हसले.

"माणूस आहे की गेला?"

"ते बघणं आपलं काम नाही."

तात्यांनी मायक्रोस्कोपखालचा फ्लास्क दोन्ही हातांनी अलगद उचलला, चेहऱ्यासमोर धरला आणि तोंड मोठं उघडून त्याला आतली रिकामी जागा दाखवली.