घोडे बांधायचा दगड

मंडळी, आज जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी आईला घेऊन तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या पाझर तलावावर गेलो होतो. बांधाशेजारी भोक पाडलेला एक मोठा दगड आहे. आता त्याला रेलिंग केलंय, शेंदूर फासलाय, हारही घातलाय. एक तरुण मोबाईलवर व्हिडिओ काढत सांगत होता, "मित्रांनो, याच भोकात दोर ओवून मावळे घोडे बांधायचे!"

आई हसायलाच लागली. "आरं, घोडं कुठलं? बाहत्तरच्या दुष्काळात आमीच खांदला की हा तलाव. ह्या माझ्या लेकाच्या बापानं पहारीनं भोक पाडलं आन् त्याला ह्याची झोळी बांधली."

तिनं दगडाकडं हात नेला.

"आजी, हात नका लावू. ऐतिहासिक हाय," तो अगदी अदबीनं म्हणाला. उद्धट बोलला असता तर भांडलो तरी असतो.

मी म्हटलं, "अहो, ती खरं सांगतेय."

"तुम्हाला आठवतंय का, काका?"

मी तर तेव्हा झोळीत होतो.

वडील गेले. आईबरोबर माती वाहणाऱ्या बायाही गेल्या. दुपारी तोच व्हिडिओ आमच्या गावच्या ग्रुपवर आला. खाली सगळ्यांनी हात जोडलेत. माझ्या सख्ख्या मामांनीसुद्धा.

तुम्हीच सांगा, आईला काय उत्तर देऊ? व्हिडिओ पुन्हापुन्हा बघून ती आता मलाच विचारतेय, "आपला दगड दुसरा असंल का रं?"