काहीतरी शे

मे महिन्यातल्या एका बुधवारी मी नानाला सांगितलं की त्याला फुफ्फुसाचा कर्करोग आहे. सांगू नका, असं त्याच्या घरच्यांनी मला बजावलं होतं. सप्टेंबरमध्ये नाना गेला.

नाना नाशिक रोडच्या एका जुन्या थिएटरात ऑपरेटर होता. मी शाळेत मराठी शिकवायचो. आमची घरं शेजारी, त्यामुळे नव्वदच्या दशकातले माझे बरेच रविवार त्याच्या केबिनमध्ये गेले. मी पुस्तक घेऊन बसायचो आणि तो प्रोजेक्टरकडे कान लावून उभा असायचा. मशीन बघायचं नसतं, ऐकायचं असतं, असं त्याचं म्हणणं.

सिनेमाआधी दाखवायचे ट्रेलर तेव्हा वेगळ्या छोट्या डब्यातून यायचे. इतर ट्रेलर नाना आले तसे लावायचा. भुताच्या सिनेमाचा मात्र आधी खिडकीपाशी धरून निरखायचा. मग ब्लेड, चिकटवायचं सोल्यूशन आणि काळ्या फिल्मचे तुकडे घेऊन बसायचा. हे नियमात बसत नव्हतं. मालकाला माहीत होतं, पण हॉल भरत असल्यामुळे तो बोलत नसे.

एकदा आलेल्या ट्रेलरमध्ये भुताचा चेहरा तीनदा होता. पहिल्या खेळाला पब्लिक खदखदून हसलं. नोटांच्या प्रेसमधले कामगार शिट्ट्या मारत होते. नानाचा चेहरा पडला. "मास्तर, भूत दिसलं की माणूस हसतो. भूत यायच्या आधी घाबरतो." त्याने तिन्ही चेहरे कापले. राहिलं ते एवढंच : ओल्या पावलांचे ठसे दारापर्यंत येतात आणि थांबतात, एक बाई मागे वळून बघते, मग नानाने जोडलेला दीड सेकंदाचा अंधार. त्या अंधारात तो आवाजाचं बटणही हाताने शून्यावर आणायचा. पुढच्या खेळाला हॉल गप्प झाला. बाल्कनीतून एका बाईचा आवाज आला, "अगं बाई, पण होतं तरी काय तिथे?"

नानाने माझा दंड दाबला. "हाच प्रश्न विकायचा, मास्तर. काहीतरी शे, एवढंच सांगायचं. काय शे, ते तिकीट काढून बघ म्हणावं."

नाना सटाण्याकडचा. तिकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. एरवी तो आमच्यासारखंच बोलायचा, पण भुतांचा विषय निघाला की त्याच्या तोंडी 'शे' यायचं.

आठवड्याने वितरकाचा माणूस आला. "अहो, आमचं भूत कुठंय? हीरोपेक्षा जास्त खर्च झालाय त्याच्यावर!"

"आहे ना साहेब," नाना म्हणाला, "पिक्चरमध्ये आहे. फुकट कशाला दाखवायचं?"

हा भुताचा सिनेमा आहे की खुनाचा, हे पहिल्या पाच सेकंदांत कळलं पाहिजे, असा त्याचा आग्रह. कसं कळणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, "खुनाच्यात माणूस दार उघडतो. भुताच्यात दार आपणहून उघडतं. आणि तोंडावर आपटलं, की तो विनोदी." इतक्या वर्षांत शाळेत मला इतकं नेमकं काही सांगता आलं नाही.

पुढे ट्रेलर उपग्रहावरून यायला लागले. कापण्यासारखं हातात काही राहिलं नाही. नाना निवृत्त झाला आणि दोनेक वर्षांत त्याचा खोकला सुरू झाला. मुंबईच्या तपासणीचा रिपोर्ट त्याच्या मुलाने, शैलेशने, कपाटात लपवला. वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना टीबी आहे, एवढंच म्हणायचं. शब्द द्या." मी दिला.

त्या बुधवारी वहिनी बाजारात गेल्या होत्या. नाना पलंगावर बसून होता.

"मास्तर, सगळे मला ट्रेलर दाखवतायत. शैलेश फोन आला की बाहेर जातो. ही कांदा नसतानासुद्धा भाजी चिरताना रडते. काहीतरी शे, हे मला कळलंय. काय शे, ते तू सांग."

"टीबी आहे, नाना."

"मी लोकांना आयुष्यभर असंच बसवलं. पण त्यांना पिक्चर बघायची मुभा होती. मला तीसुद्धा नाही काय रे?"

मी सांगितलं. किती दिवस, असं त्याने विचारलं. तेही सांगितलं.

त्याने चष्मा पुसला. "बरं. म्हणजे दिवाळी नाही."

संध्याकाळी त्याने सटाण्याच्या बहिणीला बोलावून घ्यायला सांगितलं. जमिनीच्या वादातून अकरा वर्षं तिच्याशी बोलणं नव्हतं. ती आली, चार दिवस राहिली. मी गेलो की तो माझ्याशी नीट बोलायचा, हसायचासुद्धा.

पण मी जायचो दुपारी तासभर. उरलेला दिवस वहिनींनी पाहिला. त्या बुधवारनंतर आठ दिवस तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता आणि पुढे त्याचं जेवण कधीच पहिल्यासारखं झालं नाही. तेराव्याला वहिनी सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे चार महिने खाल्लेत, भाऊजी. आशेवर तरी जगले असते."

त्यांचं चुकतं, असं मला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही. आणि त्याने पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा सांगेन.

शैलेश भेटला की थांबून बोलतो. नानाच्या बहिणीची मुलं आता सुट्टीत त्यांच्याकडे येतात. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत.