खळ लावलेली पानं

पुस्तकातून किडे निघाले याचं मला फारसं काही वाटलं नाही. सत्तरीच्या बाईनं कसरीला बघून किंचाळू नये. मला शिसारी आली ती निराळ्याच गोष्टीची. तिथवर यायला जरा वेळ लागेल, कारण ती घाण माझीच आहे, आणि स्वतःची घाण माणूस सावकाशच दाखवतो.

यंदा मे महिन्यात लेक आणि नात राहायला आल्या. नात चौदा वर्षांची. सोलापूरचं ऊन बघून तिनं पहिल्याच दिवशी घराबाहेर पडायचं नाही असं ठरवलं. चौथ्या दिवशी तिला मोबाइलचाही कंटाळा आला आणि ती म्हणाली, आजी, एखादी जाडजूड गोष्ट दे की वाचायला. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. मी या गल्लीतल्या दोन पिढ्यांना पुस्तकं वाचायला दिली, मैत्रिणींना दिली, त्यांच्या सुनांना दिली, आणि माझी स्वतःची लेक तेवढी काही वाचत नाही. हे रडगाणं मी तिच्या सासरच्यांसमोरसुद्धा गायलेलं आहे. म्हटलं, चला, एक पिढी गाळून का होईना, उतरलं म्हणायचं.

माळ्यावरची ट्रंक खाली काढली. त्यातली माझी सगळ्यात लाडकी कादंबरी, दोन भागांतली, तिचा पहिला भाग मी तिच्या हातात ठेवला. दोन तासांनी नात परत आली ती पुस्तक दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर शेपटीला धरून आणावा तशी.

"आजी, शी. हे काय आहे?"

मधली दोन पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी कडक झाली होती. कडेला जाळी पडली होती. तिनं पुस्तक हलवलं, तर आधी पिवळसर भुसा पडला, मग चार-पाच चंदेरी कसरी सळसळत कॉटखाली पळाल्या, आणि शेवटी झुरळाच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं टपकन फरशीवर आली. त्यात भर म्हणजे वास. आमटीचं भांडं तीन दिवस न घासता झाकून ठेवावं, तसला आंबूस. नातीनं पाय वर घेतले. मी म्हटलं, गल्लीतल्या कुठल्या तरी पोरानं शेंगाचटणी खात वाचलं असेल. आता ती पोरं टकली झाली, उत्तर द्यायला थोडीच येणार आहेत.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तर आता त्या बाईबद्दल सांगते. ती बाई म्हणजे मी, पस्तिशीतली. तिची आठवण झाली की तिला कोपऱ्यात तोंड करून उभं करावंसं वाटतं. मंद्रूपहून लग्न होऊन शहरात आली, चार कादंबऱ्या वाचल्या, आणि आपण म्हणजे कोण असं तिला वाटायला लागलं. शनिवारी दुपारी घरापुढच्या ओट्यावर पुस्तकं मांडून बसायची. येणाऱ्या पोरांची नखं तपासायची, हात हुंगायची. कुणाच्या बोटाला चटणीचा वास आला की परत पाठवायची. वाचनानं संस्कार होतात, हे ती इतक्यांदा म्हणायची की पोरं मागून तिची नक्कल करायची. चांगली करायची. मी एकदा ऐकली आहे.

ही बाई प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचायची, आणि पोरांच्या कानावर पडू नये असं काही आलं की ती समोरासमोरची दोन पानं चिकटवून टाकायची. अगदी खात्री करून घ्यायला ती पानं ती तीन-तीनदा वाचायची, हेही सांगून टाकते. कणकेची खळ आठवड्यात सुटायची. मग तिला समोरच्या घरातली खळ सापडली. समोर पद्मशाली कुटुंब होतं, घरात दोन माग. सुताला लावायला पातेलंभर खळ शिजायची. ती एकदा बसली की सुटायचं नाव नाही. मी वाटी घेऊन जायची आणि पापडाला हवी आहे म्हणायची.

त्या घरातली बाई माझी मैत्रीण. ती चाक फिरवून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि मी तिला शेजारी बसून वाचून दाखवायची. हात रिकामे नसलेल्या बाईला गोष्ट ऐकवण्यासारखं सुख नाही. पण तिथंही मी चिकटवायच्या जागा गाळायची. ती चाक थांबवायची आणि म्हणायची, "अक्का, तुमचे डोळे पळायलेत आन् तोंड बंद हाय. मधलं कुटं गेलं वो?" मी म्हणायची, छापलंच नाही. तिला मराठी वाचता यायचं नाही, तेलुगू यायचं. म्हणून खपून गेलं. खपून गेलं असं मला वाटायचं.

सुरुवात हातात हात धरण्यापासून झाली. मग सासूला उलट बोलणारी सून चिकटली. मग आईशी अबोला धरणारी मुलगी चिकटली. एका पुस्तकात तर नवऱ्याला सोडून आलेली बाई नुसती सुखानं चहा पीत बसली होती, तेही पान मी बंद केलं. तिनं निदान रडत तरी प्यायला हवा होता, असं मला वाटलं असणार.

नात आंघोळीला गेली तेव्हा लेकीनं पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं. चौदाव्या वर्षी ती हेच वाचत होती. तेव्हा तिनं मला विचारलं होतं, ही पानं अशी का, आणि मी छापखान्यावर ढकललं होतं. पुढं ती समोरच्या घरी गेली, तिथं तिला कुणीतरी सहज सांगितलं की तुझी आई खळ नेते, पापडाला. आमच्या घरात त्या वर्षी एकही पापड झाला नव्हता.

"मग मला कळलं," ती म्हणाली. "पुस्तकात जे खरं असेल ते तू आधी काढून घेतेस. मग उरलेलं कशाला वाचायचं?"

ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. इतकी वर्षं मी तिला नावं ठेवली, आळशी म्हटलं, माझ्यावर गेली नाही म्हटलं, आणि ती ऐकून घेत राहिली. माझ्या तोंडाला कडवट पाणी सुटलं. कसरीमुळं नव्हे.

मी म्हटलं, उघडू या. ती म्हणाली, आता काय उपयोग. पण गॅसवर पाणी तिनंच ठेवलं.

वाफेवर पुस्तक धरलं आणि तो वास चौपट झाला. नात नाकाला ओढणी बांधून आली आणि माझ्या विणकामाच्या सुईनं पानांची फट उकलायला लागली. खळीचे पोपडे निघत होते, त्यांना झुरळाचे पाय चिकटलेले. एक पोपडा माझ्या बोटाला लागला तो ओला आणि बुळबुळीत, मला खरंच ओकारी आली. एवढ्यात समोरची मैत्रीण दारात. तिचे माग विकून वर्षं झाली, पण नाक शाबूत आहे.

"कुणी माग चालू केला का काय? खळीचा वास यायलाय."

लेकीनं तिला सगळं सांगितलं. ती कॉटवर टेकली आणि म्हणाली की मला माहीत होतं. पापडाला खळ नेणारी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. मग विचारलं का नाही, असं मी म्हटल्यावर म्हणाली, "तुमी वाचायचं बंद केलं असतं की."

पानं सुटली. मधला घास कसरींनी खाल्ला होता, कडेची वाक्यं शाबूत होती. लेकीनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. शेताच्या बांधावर मुलीच्या पायात बाभळीचा काटा मोडतो. तो मुलगा तिचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतो आणि काटा काढतो. ती म्हणते, दुखत नाही. तो म्हणतो, मग डोळ्यांत पाणी का? इथं एक भोक. भोकापलीकडं ती घरी जाते.

"एवढंच?" नात म्हणाली.

एवढंच. यासाठी मी चौदा वर्षांच्या पोरीशी खोटं बोलले होते. मी पुन्हा पुन्हा ती ओळ बघितली, काहीतरी वाईट सापडेल म्हणून. तेवढं तरी असावं, असं वाटलं. काही नव्हतं. एक काटा आणि एक पाय. त्या पस्तिशीतल्या बाईच्या डोक्यात मात्र नक्कीच काहीतरी सडत होतं, आणि ते तिनं खळीसकट पुस्तकात लिंपून ठेवलं होतं. इतकी किळस मला आजवर कशाचीही आली नव्हती.

मैत्रीण म्हणाली, पुढं वाच. लेकीनं पुढचं पान वाचलं, मग त्याच्या पुढचं. मैत्रीण घरी गेली, नात पुन्हा मोबाइलकडं गेली, तरी लेक तिथंच गॅसच्या ओट्याला टेकून मनात वाचत राहिली. नातीनं एकदा पुस्तक परत मागितलं तर तिला थांब म्हणाली. कुकरच्या शिट्ट्या मी मोजल्या. दिवेलागणीला पुस्तक संपलं आणि ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"दुसरा भाग कुठाय?"

मी जरा वेळ पदर नीट केला. मग सांगितलं. दुसऱ्या भागात चिकटवून भागण्यासारखं नव्हतं. सगळंच पुस्तक बंद करावं लागलं असतं. म्हणून ते मी रद्दीत घातलं.

"रद्दीत," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं. लाज वाटली की माझ्या तोंडातून मंद्रूप बाहेर येतं.

ती मला किती बोलली ते इथं लिहीत नाही. सगळं खरं होतं. मी हळूच म्हटलं, मला पाठ आहे ते, सांगू का पुढं काय होतं?

"एक शब्द बोललीस तर बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती फोन घेऊन बसली होती. जुनी पुस्तकं विकणाऱ्या तिघांना विचारून झालं, चौथ्याला त्या पुस्तकाचा रंग समजावून सांगत होती. मी समोर बसून भाजी निवडत होते. शेवटी काय होतं ते मला ठाऊक आहे आणि ते ऐकण्यासारखं आहे. माझी जीभ नुसती वळवळत होती. लेकीनं फोनवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं, आणि मी खाली मान घालून मेथीचे देठ मोडायला लागले.